प्रूफ दाखवून या

आमच्या संपादकांना शिव्यांची पत्रं फार आवडत. टपाल आलं की ते पाकिटं बाजूला सारून आधी पोस्टकार्डं चाळायचे. चिडलेला माणूस पाकिटावर खर्च करत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. हवं ते कार्ड सापडलं की खुर्चीतून उठून, उभं राहून ते मोठ्याने वाचत. आमच्या कचेरीच्या खाली पिठाची गिरणी होती. तिच्या घरघरीवर आवाज चढवावा लागे, त्यामुळे नारायण पेठेतल्या त्या बोळातून जाणाऱ्याला वाटायचं की वर कुणीतरी संपादकांची सालटी काढतंय. वाचून झालं की निवाडा.

"पहिलं वाक्य शिवी आहे, ते सोडा. दुसरं मत आहे, ते छापा. तिसऱ्यात म्हटलंय की मी अमुक बिल्डरकडून फ्लॅट घेतला. हा आरोप. त्यांना कार्ड टाका, म्हणावं पुरावा घेऊन या, पहिल्या पानावर छापतो."

"काका, पण ते तुमच्याविरुद्ध आहे," मी नवा होतो तेव्हा एकदा म्हणालो होतो.

"मग? माझ्याविरुद्ध बोलायला मीच जागा दिली नाही, तर बिचाऱ्यांनी जायचं कुठे?"

मी तिथे उपसंपादक होतो. म्हणजे बातम्या लिहायच्या, प्रूफं वाचायची, अंकाच्या घड्या घालायच्या आणि चहा आला नाही तर खाली जाऊन सांगायचं. वय चोवीस. आज पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली. खराडीतल्या एका कंपनीत माहितीपत्रकं लिहितो. त्यांत कुणाचं काही वाकडं होईल असं एकही वाक्य नसतं, आणि ती कुणी वाचतही नाही. मधल्या काळात संपादकांबद्दल लिहा असं मला अनेकांनी सुचवलं. दरवेळी मी कामाचं निमित्त सांगितलं. काम होतं, हे खरंच. पण कारण ते नव्हतं.

कचेरी म्हणजे दोन खोल्या. गिरणीतून पीठ उडून वर यायचं, आणि टेबल, फाइली, टेलिफोन, संपादकांच्या भुवया, सगळ्यांवर त्याचा एक पातळ थर असायचा. ज्वारी दळायला आली की वास वेगळा, बाजरीचा वेगळा. थंडीत बाजरी सुरू झाली की संपादक नाक वर करून म्हणायचे, "आला बघा हिवाळा. वेधशाळेच्या आधी." आजही कुठे गिरणीवरून गेलो की माझे पाय रेंगाळतात. बरोबरची माणसं विचारतात, काय झालं. मी सांगतो, काही नाही.

फोन वाजला की ते उभे राहत. शर्टाचं वरचं बटण उघडं असेल तर आधी लावत आणि मग रिसीव्हर उचलत. गिरणीचे मालक एकदा वर आले होते. त्यांनी विचारलं, "अहो, समोरच्याला दिसतंय थोडंच?"

"त्यांना दिसत नाही, पण ते आहेत ना," संपादक म्हणाले.

समोर नसलेल्या माणसाबद्दल त्यांना एक विचित्र काळजी होती. कचेरीत कुणी येऊन तिसऱ्याबद्दल कुजबुजायला लागलं की ते शांतपणे फोन ओढून घेत. एका वार्ताहराने एका डॉक्टरांच्या संसाराबद्दल काही रसाळ सांगायला सुरुवात केली, तर यांनी त्या डॉक्टरांनाच फोन लावला. "नमस्कार. इथे आपल्याविषयी बोलणं निघालंय. आपण असावं असं वाटलं." वार्ताहर जिना उतरून कधी गेला, कळलंही नाही. डॉक्टर मात्र पुढे आमचे वर्गणीदार झाले.

कायद्याची पदवी त्यांच्याकडे होती. सनद घेतली, काळा कोट शिवला, आणि थोड्याच दिवसांत तो कोट एका होतकरू शेजाऱ्याला देऊन टाकला. "एकाच बाजूचं बोलायचं, हे मला जमेना," एवढंच कारण त्यांनी कधीतरी सांगितलं. पण कायदा अंगात मुरला होता. घटनेतलं एकोणिसावं कलम ते कुणालाही समजावून सांगायचे, गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायकांनासुद्धा. "पहिल्या भागात म्हटलंय, बोला. दुसऱ्या भागात म्हटलंय, कुठे जपून बोला. लोकांची अब्रू आहे, देशाची सुरक्षितता आहे, कोर्टाचा मान आहे. इथवर ठीक. गंमत अशी, की जो तो स्वतःपुरता पहिला भाग वाचतो आणि शेजाऱ्याला दुसरा वाचून दाखवतो."

एकदा मंडईजवळ त्यांच्या निषेधाची सभा होती. रस्तारुंदीवर त्यांनी काहीतरी लिहिलं होतं, त्याचा राग. मी सांगितलं, काका, तिकडे फिरकू नका. हे सायकल काढून गेले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. वक्ता त्यांना जातिवंत लबाड वगैरे म्हणत असताना लाऊडस्पीकर घरघरू लागला. संपादक उठले, स्टेजपाशी गेले आणि म्हणाले, "मागे ऐकू येत नाहीये. जरा ते नीट करून घ्या, आम्ही थांबतो." सभेचा सगळा नूर गेला. वक्ते पुढचं अर्धं भाषण आभार मानल्यासारखं बोलले.

त्यांचं खरं नाव झालं होतं ते आणीबाणीत. मी तेव्हा शाळेत होतो, पण ही गोष्ट पुण्यात इतक्यांनी इतक्यांदा सांगितली होती की मी हजर असल्यासारखी मला आठवते. छापण्याआधी मजकूर सेन्सॉरकडे दाखवायचा, असा हुकूम होता. संपादकांनी तो अक्षरशः पाळला. अग्रलेख पाठवला, तसं राशिभविष्य पाठवलं, चपलांच्या दुकानाची जाहिरात पाठवली, हरवलेल्या मांजराचं निवेदन पाठवलं, आणि उपासाच्या भगरीची पाककृतीही पाठवली. सोबत पत्र: "भगर पाण्यात किती वेळ शिजवावी याबाबत शासनाचं धोरण कळल्यास उपकृत होईन." असं आठवड्यामागून आठवडे. शेवटी म्हणे अधिकाऱ्यांनीच फोन करून विनवलं की साहेब, भगर तेवढी तुमच्या जबाबदारीवर छापा. तेव्हापासून पेठांत त्यांचं नाव न वाकणारा माणूस असं पडलं. लोक पोरांना दाखवायचे, ते बघ, ते भगरवाले.

आता त्यांची ती पद्धत सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्या साप्ताहिकात कुणावर टीका करणारा मजकूर असला, तर त्याचं प्रूफ आधी त्या माणसाला दाखवायचं, हा संपादकांचा नियम होता. कायद्याने ते बंधनकारक नव्हतं. इतर पत्रकार हसायचे. पण मजकूर जुळवून झाला की कागदाची ओली पट्टी हातात घेऊन आमच्यापैकी कुणीतरी त्या माणसाच्या दारात जायचं आणि सांगायचं, हे आम्ही शनिवारी छापतोय. आपल्याला काही म्हणायचं असेल तर लिहून द्या, शेजारीच छापू. "परवानगी मागायची नाही," ते बजावत. "छापणार आहोतच. पण त्यांचं तोंड उघडं ठेवून छापायचं." कुणी दार आपटायचं, कुणी चहा द्यायचं. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने दिलेलं उत्तर आमच्या बातमीपेक्षा इतकं चांगलं होतं, की संपादकांनी ते मोठ्या टायपात वर घेतलं आणि आमची बातमी खाली, बारीक.

कोथरुडात तेव्हा सोसायट्या नुकत्या उभ्या राहत होत्या. दोन इमारतींच्या मध्ये अजून शेत दिसायचं, आणि डेपोपाशी बस रिकामी होऊन धुळीत उभी राहायची. तिथे एका बंगल्याच्या गच्चीवर पत्रे टाकून आमच्या सरांचा गणिताचा क्लास चाले. मी त्यांचा विद्यार्थी. बारावीला गणितात नापास झालो, तेव्हा घरी जाण्याऐवजी त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी दार लावून घेतलं. मी रडत होतो, त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "अरे, मी मॅट्रिकला तीनदा बसलो. पहिल्या दोन्ही वेळा गणितातच गेलो. तिसऱ्यांदा सुटलो. आता बघ, पोट त्याच्यावर चाललंय." मला हसू आलं होतं. त्या दिवशी मी घरी गेलो, ते त्या वाक्यामुळे.

पुढे मी कला शाखेला गेलो. एम. ए. करताना सरांनीच मला त्यांच्याकडे दहावीच्या मुलांना इतिहास शिकवायला बोलावलं. मी बरा शिकवायचो, मुलांना हसवायचो. एक मुलगा तोतरा होता. एके दिवशी त्याने उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मी त्याची नक्कल केली. वर्ग खदखदून हसला. सर दारात उभे होते. ते आत आले आणि सगळ्यांसमोर, अगदी हळू म्हणाले, "या वर्गात कुणी कुणाला हसायचं नाही. उद्यापासून आपण येऊ नका."

ते मला नेहमी अरेतुरे करत. त्या एका 'आपण'ने मी जेवढा पेटलो, तेवढा काढून टाकल्याने नाही.

त्यानंतर वर्षभरात मी साप्ताहिकात लागलो. 'कानावर आलं' नावाचं आमचं एक सदर होतं. छोटे, चुरचुरीत, बिननावाचे मजकूर. मी लिहिलं: कोथरुडातल्या एका नामांकित गणित क्लासचे संचालक मॅट्रिकला गणितातच दोनदा आपटले होते, हे पालकांना माहीत आहे काय? दरवर्षी शंभर टक्के निकालाची जाहिरात करणाऱ्यांनी एकदा स्वतःचाही निकाल जाहीर करावा.

संपादकांनी चष्मा वर केला. "खरं आहे?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

"त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला त्या उत्तराचा अभिमानसुद्धा वाटला होता.

"बसा," ते म्हणाले. "बेअब्रूच्या कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही. कायदा दोन गोष्टी विचारतो. खरं आहे का, आणि सांगून लोकांचं काही भलं होणार आहे का. पहिलीचं उत्तर दिलंत. दुसरीचं?"

"काका, पालक एवढी फी भरतात. त्यांना कळायला नको?"

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. खाली गिरणी थांबली होती, पट्टा घसरला असावा. मला वाटलं, आता फाडतील. पण ते माणसावर विश्वास ठेवत. समोर बसलेल्यावर तर ठेवतच.

"बरं. प्रूफ दाखवून या."

मी गेलो. बसने गेलो, डेपोला उतरलो, बंगल्यापर्यंत चालत गेलो. जिन्याखाली मुलांच्या चपलांची रास होती. वरून सरांचा आवाज येत होता. "चुकू दे. चुकलं की कुठे चुकलं ते दिसतं. न लिहिलेलं कसं तपासू?" मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. हातातल्या पट्टीची शाई बोटांना लागली होती. मला वाटलं, हे सर वाचतील आणि मान वर करून माझ्याकडे बघतील. तेवढंच वाटलं. कायदा, पालक, लोकांचं भलं, यातलं काहीही त्या वेळी मनात नव्हतं.

परत येऊन मी सांगितलं, "ते म्हणाले, उत्तर द्यायची गरज वाटत नाही."

"असं म्हणाले?" संपादकांना वाईट वाटलं. "घमेंड दिसते. बरं, तसंच छापा, उत्तर द्यायला नकार."

तीही ओळ छापली गेली.

नाव नव्हतं, तरी कोथरुडात सगळ्यांना कळलं. क्लासच्या फाटकावर कुणीतरी अंकातलं कात्रण डकवलं. सत्र अर्ध्यावर आलेलं असताना पालक मुलांना काढून दुसरीकडे घालू लागले. मग सरांच्या वकिलाची नोटीस आली. संपादकांनी उत्तर दिलं, मजकूर आधी दाखवला होता, आपणच नाकारलंत. त्यावर बेअब्रूची फौजदारी फिर्याद दाखल झाली. आरोपी संपादक. कारण अंकावर नाव त्यांचंच, आणि मजकूर कुणी लिहिला हे ते सांगणार नव्हते. मी काही विचारण्याच्या आधीच त्यांनी मला सांगून टाकलं, "छापलं की ते माझं. तुमचं होतं ते प्रूफापर्यंत."

शिवाजीनगर कोर्टाच्या तारखांना मी त्यांच्याबरोबर जायचो. ते इस्त्रीचा शर्ट घालून, सायकलीला कुलूप लावून, सिनेमाला आल्यासारखे प्रसन्न असायचे. आमचे वकील वैतागून म्हणाले, "अहो, तुमच्यावर फौजदारी आहे. जरा गंभीर व्हा."

"आहेच मी गंभीर. त्यांची अब्रू गेली असं त्यांना वाटतंय. तलवार घेऊन आले नाहीत, दगड मारले नाहीत, कोर्टात आले. याच्यासाठीच तर कायदा केलाय. मी बोललो, आता त्यांची पाळी."

सरांबद्दल ते वाईट बोलत नव्हते. फक्त एकदा म्हणाले, "नोटिशीला उत्तर दिलं तरी प्रूफ मिळालंच नाही म्हणतात. अडचणीत माणूस खोटं बोलतो. चालायचंच." मी चहाचे पैसे द्यायला टपरीकडे वळलो.

सर साक्षीला उभे राहिले, तो दिवस. वर्गातल्यासारखेच उभे होते, हात मागे. मी मागच्या बाकावर एका खांबाच्या आडोशाला. आमच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली.

"तुम्ही मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झालात, हे खरं?"

"खरं."

"मग छापलेल्यात खोटं काय?"

"खोटं काही नाही."

वकिलांनी न्यायाधीशांकडे विजयाने पाहिलं. "ही गोष्ट किती जणांना माहीत होती?"

"नापास होऊन माझ्याकडे येणारी मुलं असतात. त्यांना मी सांगतो. दार लावून सांगतो."

"किती मुलांना सांगितलं असेल?"

"मोजलं नाही. बरीच वर्षं झाली सांगतोय. आजवर कुणी बाहेर बोललं नव्हतं."

संपादक आरोपीच्या जागी उभे होते. बसायची परवानगी असूनही ते बसत नसत. त्यांची मान थोडी वळली, माझ्या दिशेला नाही, पण वळली.

"छापण्याआधी हा मजकूर तुम्हाला दाखवला होता, आणि उत्तर द्यायची गरज वाटत नाही असं तुम्ही म्हणालात. बरोबर?"

"नाही. माझ्याकडे कुणीही आलं नाही." सर थांबले. मग न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, आलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. एका ओळीचं. हो, झालो होतो नापास, म्हणूनच ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं मला. हे शेजारी छापलं असतं तर मी इथे आलोच नसतो. उलट क्लास भरला असता."

कोर्टात कुणीतरी हसलं, चांगलं हसलं. न्यायाधीशही किंचित हसले असावेत. संपादक मात्र हसले नाहीत. त्यांनी बटण लावलेलं होतं तरी गळ्याशी हात नेऊन चाचपलं.

बाहेर सायकलीपाशी त्यांनी विचारलं, "त्या दिवशी कोथरूडला गेला होतात?"

"गेलो होतो."

"वर?"

मी कुलपाकडे बघत राहिलो. ते किल्ली फिरवत होते आणि ती फिरत नव्हती.

"आणि तो माजी विद्यार्थी," ते हळूच म्हणाले. त्यांनी प्रश्न विचारला नव्हता, म्हणून मी उत्तरही दिलं नाही. एवढा तरी कायदा मला येत होता.

त्यांनी मला बोल लावला नाही. सायकल हातात धरून ते चालत निघाले, आणि मी शेजारून. पूल ओलांडताना फक्त म्हणाले, "माझ्या नियमाला मी फार जपलं हो. पण नेणारा पोचतो की नाही, हे बघायचं राहून गेलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलांना कळवलं की माफी मागायची आहे. वकील कचेरीत आले, पीठ झटकत बसले आणि तासभर समजावत राहिले. खटला जिंकण्यासारखा आहे, माणसाने कबूल केलंय, फी भरणाऱ्या पालकांचं हित आहे, सद्हेतू आहे.

"सद्हेतू नव्हता," संपादक म्हणाले.

"तुमचा होता."

"मी त्या मजकुराचा संपादक आहे. तो ज्या हेतूने आला, तो हेतू माझा."

मी दुसऱ्या खोलीत बसून हे ऐकत होतो. उठून आत जायला तीन पावलं पुरली असती.

माफी पहिल्या पानावर, चौकटीत छापली. 'मागील एका अंकातील मजकूर आम्ही छापायला नको होता. संबंधितांना उत्तराची संधी दिली होती आणि त्यांनी ती नाकारली, असे मी छापले व न्यायालयात वकिलांकरवी सांगितले. ते असत्य होते. मी त्यांची विनाअट क्षमा मागतो.' खाली त्यांची सही. 'आमच्या प्रतिनिधीने' असा शब्द मी प्रूफात शोधला होता. नव्हता. सरांनी तडजोडीला मान्यता दिली आणि खटला मिटला.

पण पुणं मिटवत नाही. 'असत्य होते' हे वाचून लोकांनी अर्थ काढला की म्हाताऱ्याने खोटं छापलं आणि कोर्टात त्याची तंतरली. पोस्टकार्डांचा पाऊस पडला. एकाने लिहिलं: "आणीबाणीत सरकारला न भ्यालेले आपण एका क्लासवाल्याला भ्यालात. अभिनंदन." दुसऱ्याने नुसतं एवढंच: "भगर मऊ शिजली." संपादक उभे राहून वाचत गेले. गिरणी चालू होती, तरी या वेळी त्यांनी आवाज चढवला नाही.

"मत आहे," ते म्हणाले. "छापा."

"काका, हे कशाला?" माझ्याने राहवेना.

"का? बरी पत्रं छापायची आणि ही नाहीत?"

मी छापली. प्रूफंही मीच वाचली. त्या आठवड्यात मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, "काका, मी काय करू?" मला वाटतं, त्यांनी सांगावं अशी माझी इच्छा होती. सांग, लिही, नाव घाल, असं. म्हणजे ती त्यांची आज्ञा झाली असती.

ते चष्मा पुसत म्हणाले, "मला कशाला विचारता? बोलायला तुम्हाला कुणी बंदी केलीय का?"

मी पुढचं प्रूफ ओढून घेतलं. वर्गणीदार गळत गेले. न वाकणाऱ्या माणसाचं साप्ताहिक म्हणून जे घेत होते, त्यांना आता त्यात राम वाटेना. पुढच्या वर्षी अंक बंद झाला. शेवटच्या दिवशी गिरणीचे मालक वर येऊन बसले, आणि संपादकांनी त्यांना एकोणिसावं कलम पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मालकांनी ते नव्याने ऐकल्यासारखं ऐकलं. मला एका दैनिकात नोकरी मिळाली. शिफारस संपादकांनीच केली होती.

ते गेले, तेव्हा आम्ही काही जणांनी एका छोट्या सभागृहात शोकसभा घेतली. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, म्हणजे माइक सबंध वेळ माझ्याच हाताशी. भगरीची गोष्ट तिघांनी सांगितली. एक जुने पत्रकार म्हणाले, "माणूस मोठाच. शेवटी कोर्टापुढे जरा कच खाल्ली, पण वय झालं होतं, आपण समजून घेतलं पाहिजे." लोकांनी समजून घेतल्यासारख्या माना हलवल्या.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून सर उठले. ते आल्याचं मी पाहिलं नव्हतं. पांढरे झाले होते, काठी होती. ते सावकाश पुढे आले आणि मी माइक त्यांच्या हातात दिला.

"त्यांनी माफी मागितली ती माझी," ते म्हणाले. "फिर्यादी मी होतो. ते घाबरले नव्हते. त्यांची चूक नव्हती, तरी त्यांनी ती स्वतःवर घेतली. कुणाची होती, ते सांगायचा हक्क माझा नाही. बस."

त्यांनी माइक मला परत दिला, पण जागेवर गेले नाहीत. तिथेच, माझ्यापासून हातभर अंतरावर, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. सभागृह माझ्याकडे बघत होतं, कारण पुढे काय ते मी सांगायचं होतं. माइक चालू होता. माझा श्वास मलाच स्पीकरमधून ऐकू येत होता.

मी म्हणालो, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

सगळे उठले. मी घड्याळात बघत राहिलो.

नंतर जिन्यात सर भेटले. कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला. खाली रिक्षा थांबवून दिली, तेव्हा आत बसता बसता म्हणाले, "कोर्टात त्या खांबामागे बसला होतास. तेव्हाही मला वाटलं होतं, आता उठशील." रिक्षावाल्याला त्यांनी कोथरूड सांगितलं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती दोन मिनिटं मी आज संपवतो आहे. आमचे संपादक कोर्टाला घाबरले नव्हते. तो मजकूर मी लिहिला होता, सरांनी मला दार लावून सांगितलेल्या गोष्टीवरून, आणि रागाने. प्रूफ घेऊन मी जिन्याच्या पहिल्या पायरीवरून परत फिरलो. उत्तर द्यायला कुणीही नकार दिला नव्हता.